जी-एच-ओ-टी-आय म्हणजे मासा?

'इनफ'मधल्या जी-एचचा 'फ', 'विमेन'मधल्या ओचा 'इ' आणि 'नेशन'मधल्या टी-आयचा 'श' घेतला, तर जी-एच-ओ-टी-आय म्हणजे 'फिश'! हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो. प्रत्यक्षात तो १८५५ सालच्या एका पत्रात आढळतो. शॉचा जन्म १८५६चा.

विनोद मजेदार, पण युक्तिवाद लंगडा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जी-एचचा 'फ' होत नाही आणि शेवटी टी-आयचा 'श' होत नाही. अक्षराचा उच्चार बऱ्याचदा त्याच्या जागेवरून ठरतो, हेच इथे विसरले जाते.

विसंगती आहेतच, पण त्यांनाही कारणे आहेत. रात्र या अर्थाच्या 'नाइट'मधले जी-एच एकेकाळी घशातून उच्चारले जात. उच्चार गेला, स्पेलिंग उरले. कर्जवाचक 'डेट'मधला बी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी मागाहून घातलेला आहे.

आपली लिपी तरी कुठे निर्दोष आहे? 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लेखन एक, उच्चार दोन.

'इंग्रजीला नियमच नाहीत, पाठ करा' एवढेच या विनोदातून मुलांपर्यंत पोचत असेल, तर नुकसान त्यांचे आहे. विनोद जरूर सांगावा; मात्र तो कुठे फसतो, हे मुलांनाच शोधू द्यावे.