अपूर्णांकांची तुलना आणि वाचन : एक चिकित्सा

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘असर’ सर्वेक्षणाने बुलढाण्यासह अनेक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात मुलांचे वाचन, वजाबाकी व भागाकार घरोघरी तपासण्याचा मोलाचा पायंडा पाडला. तथापि, त्याच्या मूळ चाचणीत वाचन व गणित हे स्वतंत्र कप्पे असून अपूर्णांकांच्या तुलनेस स्थान नाही. ‘एक छेद चार’ अचूक वाचणारे मूल, चार तिनापेक्षा मोठे म्हणून, १/४ हा १/३ हून मोठा ठरवते; येथे वाचन घडते, अर्थबोध घडत नाही. सारख्या दोन भाकरींपैकी एकीचे तीन व दुसरीचे चार समान भाग करून तुलनेचे वाक्य मुलाने स्वतः लिहून वाचल्यास ही उणीव दूर होऊ शकते. पाव, अर्धा, पाऊण ही घरची भाषा त्यास पूरकच आहे. तात्पर्य, दोन्ही कौशल्ये एकत्र न तपासणारी मोजणी अपुरी ठरते.