जलकन्येची टोपी

आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जलकन्यांचा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढे कमरेखाली मत्स्यरूप असलेली, हाती फणी घेतलेली सुंदरी उभी राहते; आणि खलाशांनी सील नावाचा प्राणी पाहून स्त्री कल्पिली, एवढे सांगून विषय संपविला जातो. आमच्या मते ह्या कथांचे मर्म शेपटीत नसून टोपीत आहे.

क्रॉफ्टन क्रोकर ह्यांनी १८२५ ते १८२८ ह्या काळात दक्षिण आयर्लंडमधील कथांचे तीन भाग लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांत गोलेरस गावची एक कथा आहे. पुढे १८९२ साली कवी येट्स ह्यांनी ती आपल्या संग्रहात घेतली. डिक फिट्झजेरल्ड हा किनाऱ्यावर केस विंचरीत बसलेल्या मेरोची, म्हणजे जलकन्येची, जादूची टोपी उचलतो. टोपीवाचून तिला समुद्रात परतता येत नाही. दोघांचा विवाह होतो, तीन मुले होतात, संसार सुखाचा चालतो. एके दिवशी डिक परगावी गेला असता ती घर आवरू लागते, भिंतीवरील मासे धरण्याचे जाळे खाली ओढते आणि मागच्या कोनाड्यात तिला ती टोपी दिसते.

क्रोकर ह्यांची लेखणी लंडनच्या वाचकांस हसविण्यासाठी वारंवार थबकते, हा दोष उघड आहे. तथापि ह्या एका प्रसंगापुढे त्यांचा विनोदही निष्प्रभ होतो. नवरा वाईट नाही, त्याने तिला कधी दुखविलेले नाही. परंतु त्याच्या सगळ्या चांगुलपणामागे जाळ्याआड लपविलेली ती वस्तू आहे. माहेरची वाट जिच्यापासून लपवून ठेवावी लागते, तिचा संसार सुखाचा म्हणावा की नाही, हा प्रश्न आमच्या घरांतूनही अपरिचित नाही.

मात्र शेवटी कथाकार कच खातो. ती मुलांचे मुके घेऊन, बापास भेटून परत येऊ अशा विचाराने निघते. किनाऱ्यावर पाण्यातून गाणे ऐकू येते, आणि त्या क्षणी पती व मुले तिच्या मनातून पुसली जातात. म्हणजे निवड तिने केलीच नाही! डिक मरेपर्यंत समजत राहतो की तिच्या बापाने तिला बळेच अडकवून ठेविले आहे.

ह्याच्या शेजारी आपली उर्वशी ठेवून पाहावी. शतपथ ब्राह्मणात तीही जलचारिणी अप्सराच आहे. सख्यांसह पक्षिरूपाने सरोवरात पोहत असता पुरूरवा तिला गाठतो. परंतु तिची वस्तू कोणी चोरलेली नाही. ती अट घालून घरात आली आणि अट मोडताच गेली. राजा विनवू लागला तेव्हा सारे स्मरत असूनही तिने नकार दिला. ऋग्वेदातील तो संवाद गोलेरसच्या कथेहून फार वरच्या कोटीचा आहे, हे आम्ही स्वदेशाभिमानाने म्हणत नाही. उलट पाळणा, केरवारे, भिंतीवरचे जाळे असे नांदते घर मात्र आयरिश कथेतच आहे. वैदिक कथेत ते नाही.

अप्सरा ह्याच शब्दापासून आपल्या पाणवठ्यावरील साती आसरा आल्या. नदीकाठी वा विहिरीजवळ शेंदूर फासलेले सात दगड म्हणजे त्या. आश्रय ह्या अर्थाचा आसरा शब्द निराळा. पण कानाला दोन्ही एकच लागतात, आणि भय व आधार असे एकत्र ऐकू येतात. कोणी बुडाला तर आसरांनी नेला म्हणतात. बाईस लागल्या तर त्यांची ओटी भरतात. ह्या कुमारिकांस कोणी घरी आणीत नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नरखेड तालुक्यात हे नीट कळते. तेथे वर्धा नदीकाठच्या मोवाड गावात ३० जुलै १९९१ रोजी महापुराने दोनशेहून अधिक माणसे नेली. अशा पाण्याशी सोयरीक कोण करील? त्याला खण-बांगड्या द्याव्या आणि काठावरून परत फिरावे.

आयर्लंडात १९३७ ते १९३९ ह्या काळात शाळांतील मुलांनी घरच्या वडील माणसांकडून ऐकलेल्या कथा वह्यांत उतरविल्या. क्रोकर ह्यांच्यासारखी रंगसफेदी तीत नाही. नरखेडच्या शाळांतील मुलांनीही आजीला विचारावे: दगड कोणत्या विहिरीपाशी आहेत, ओटी कोणी भरली, कशासाठी भरली. बोअरच्या दिवसांत त्या विहिरींकडे फिरकणारे कमी होत आहेत, आणि आज्याही.