व्हिक्टर त्सोई यांच्या ‘पेरेमेन’ या रॉकगीतातील राजकीय प्रतीकार्थ : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

सोव्हिएत संघाच्या अखेरच्या पर्वात ज्या मोजक्या गीतांना राजकीय घोषणेचे स्थान लाभले, त्यांत ‘किनो’ या लेनिनग्राडच्या रॉकसमूहाचे ‘पेरेमेन’ हे गीत अग्रभागी आहे. ‘पेरेमेन’ म्हणजे ‘बदल’. समूहाचे प्रमुख गायक व गीतकार व्हिक्टर त्सोई (१९६२-१९९०) यांनी हे गीत १९८६ मध्ये लेनिनग्राड रॉक क्लबच्या चौथ्या महोत्सवात सादर केले. मिखाईल गोर्बाचेव्ह सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि ‘पेरेस्त्रोयका’ हा शब्द नुकता प्रचारात येऊ लागला होता. गीत आणि कालखंड यांची अशी गाठ पडल्यामुळे या गीताचा अर्थ जणू आधीच ठरून गेला. बदलाची मागणी करणारे, राजवटीला आव्हान देणारे गीत, असेच त्याचे वर्णन आजवर होत आले आहे.

या वर्णनात तथ्य नाही असे नाही. परंतु ते गीताच्या ध्रुवपदापुरतेच खरे आहे. तीन कडव्यांच्या या रचनेतील कडवी सहसा कोणी वाचत नाही. जनसमुदाय ध्रुवपद गातो आणि कडवी केवळ ऐकतो, हे रॉकगीतांच्या बाबतीत स्वाभाविकच आहे. समीक्षकाने मात्र तसे करून चालणार नाही. ‘पेरेमेन’चा राजकीय आशय त्याच्या ध्रुवपदापेक्षा अखेरच्या कडव्यात अधिक आहे, आणि नेमके तेच कडवे गीताच्या राजकीय उपयोगात गळून पडले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शीर्षकाचे व्याकरण

प्रथम शीर्षकाकडे पाहणे उचित ठरेल. रशियन भाषेत मागणे, वाट पाहणे, इच्छिणे अशा अर्थाच्या क्रियापदांचे कर्म पुष्कळदा षष्ठी विभक्तीत येते. ‘पेरेमेन’ हे रूप ‘बदल’ या नामाचे षष्ठी बहुवचन आहे. म्हणजे शीर्षकात केवळ एक विभक्तियुक्त नाम उरले आहे. ज्या क्रियापदाने ही विभक्ती लावली ते क्रियापद तेथे नाही. मागणी आहे की प्रतीक्षा, हे शीर्षक सांगत नाही. गीताच्या ध्रुवपदात मात्र ही दोन्ही क्रियापदे येतात, आणि शेवट होतो तो प्रतीक्षेवर. मागणी करणारा कर्ता तेथे कोणी नागरिक, कामगार वा तरुण नाही. हृदय, डोळे, नसा असे शरीराचे अवयव मागणी करतात. माणसांच्या वाट्याला येते ते वाट पाहणे. शरीर मागते आणि माणूस थांबतो, ही विसंगती सहज घडलेली वाटत नाही.

लोकांच्या तोंडी हे गीत दुसऱ्याच एका नावाने रुळले. त्या नावाचा अर्थ ‘मला बदल हवे आहेत’ असा होतो. गंमत अशी की, हे शब्द गीतात कोठेही नाहीत. गीतात ‘मी’ हे सर्वनामच नाही. सर्वत्र ‘आम्ही’ आहे. तसेच संपूर्ण रचनेत एकही आज्ञार्थी क्रियापद नाही, भविष्यकाळ नाही, आणि ज्याच्याकडे मागणी करावी असा ‘ते’ही नाही. शत्रू नसलेले, आदेश नसलेले आणि उद्याचे चित्र नसलेले गीत निषेधगीत कसे ठरले, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

सूर्य आणि राख

पहिल्या कडव्यात दिवस मावळतो. ऊब नाही, आग नाही, त्यांच्या जागी काच आणि धूर आहे. तांबडा सूर्य जळून राख होतो. या प्रतिमेवर राजकीय अर्थाचा शिक्का सर्वांत लवकर बसला. तांबडा म्हणजे लाल, लाल म्हणजे सोव्हिएत ध्वज, आणि म्हणून सूर्याचे जळणे म्हणजे राजवटीचा अस्त, अशी ही सरळ उकल आहे. ती चुकीची म्हणता येणार नाही, पण फार स्वस्त आहे. रशियन लोकपरंपरेत ‘तांबडा सूर्य’ ही जुनी, मायेची संज्ञा आहे. कीव्हचा राजा व्लादिमीर याला लोककाव्यात हेच बिरुद लावले जाते, आणि ‘तांबडा’ या अर्थाच्या रशियन शब्दाचा जुना अर्थ ‘सुंदर’ असा होता. त्यामुळे जळून जाणारी वस्तू द्वेषाचीच असेल असे नाही. ती प्रियही असू शकेल.

येथे भारतीय काव्यशास्त्राचे एक प्रसिद्ध उदाहरण आठवते. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये व्यंजनेची चर्चा करताना सूर्यास्त झाल्याचे सांगणारे एक साधे वाक्य घेतले आहे. वाच्यार्थ सर्वांना एकच. परंतु ऐकणाऱ्यागणिक व्यंग्यार्थ बदलतो. कोणाला ती शत्रूवर चाल करण्याची वेळ वाटते, कोणाला काम थांबवण्याची, कोणाला संध्यावंदनाची, कोणाला गुरे घरी आणण्याची. वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांच्या वैशिष्ट्यांतून निष्पन्न होणारा हा अर्थ शब्दात साठवलेला नसतो. त्सोई यांच्या सूर्यास्ताचेही तसेच झाले. १९८६ च्या लेनिनग्राडमधील श्रोत्याने त्यात एका युगाची अखेर ऐकली. गीतकाराच्या मनात तेवढा अर्थ होता की नाही, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. ‘किनो’तील सहकाऱ्यांनी पुढे हे गीत राजकीय आवाहन म्हणून लिहिलेले नव्हते असे सांगितले, ते मान्य केले तरी श्रोत्यांच्या अर्थग्रहणास बाध येत नाही. मात्र, व्यंजना वाच्यार्थाला सोडून चालत नाही. वाच्यार्थाचा एखादा भाग गाळूनच जो व्यंग्यार्थ मिळतो, त्याला अपुराच म्हटले पाहिजे.

स्वयंपाकघर

दुसऱ्या कडव्यात गीत शहरातून घरात येते. दिवस विजेच्या दिव्याने लांबवलेला, काड्यापेटी रिकामी, गॅसच्या शेगडीवर निळ्या फुलासारखी ज्योत, हातात सिगारेट, टेबलावर चहा. वरवर पाहता हे घरगुती चित्र आहे. परंतु सोव्हिएत समाजजीवनात स्वयंपाकघराला जे स्थान होते ते लक्षात घेतल्याशिवाय या कडव्याचे मर्म कळत नाही. स्टालिनकाळात शहरी कुटुंबे मोठ्या संख्येने सामायिक घरांत राहत. एका घरात अनेक कुटुंबे आणि सर्वांना मिळून एक स्वयंपाकघर, अशी रचना असे. तेथे मोकळेपणाने बोलणे धोक्याचे होते, कारण शेजारी कानाशीच असे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ख्रुश्चेव्ह यांच्या काळात स्वतंत्र, लहान सदनिकांची प्रचंड प्रमाणावर बांधणी सुरू झाली आणि कुटुंबाला स्वतःचे, दार लावून घेता येईल असे स्वयंपाकघर मिळाले. बंदी असलेली हस्तलिखिते तेथे वाचली गेली, टेपवरून टेपवर उतरवलेली गाणी तेथे ऐकली गेली, रात्र रात्र चर्चा झाल्या. स्वतंत्र वृत्तपत्र, सभागृह वा पक्ष नसलेल्या समाजाचे खरे लोकमत चहाच्या टेबलाभोवती तयार होत होते.

पण या स्वातंत्र्याला एक मर्यादा होती. ते चार भिंतींच्या आत होते आणि तेथेच संपत होते. मनातले सर्व बोलून झाल्यावर माणूस सकाळी उठून कार्यालयात जाई आणि सभेत ठरावाच्या बाजूने हात वर करी. स्वयंपाकघर हे अशा रीतीने प्रतिकाराचे स्थान होते, तसेच प्रतिकार जिरवून टाकण्याचेही. त्सोई यांच्या कडव्यात ही दुहेरी बाजू अचूक उतरली आहे. काड्यापेटी रिकामी आहे. म्हणजे नवी आग पेटवण्याचे साधन उरलेले नाही. जळते आहे ती शेगडी. तिची ज्योत सुंदर आहे, पण ती नळातून येणाऱ्या सरकारी वायूवर जळते, आणि चहा उकळण्यापलीकडे तिच्याकडून काही होत नाही. निळे फूल ही जर्मन स्वच्छंदतावादी कवी नोव्हालिस याच्या कादंबरीमुळे प्रसिद्धी पावलेली, अप्राप्याच्या ओढीची प्रतिमा होय. त्सोई यांना ती अभिप्रेत होती असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. तरीही ती ओढ शेगडीवर येऊन बसावी, यातील उपरोध नजरेआड करण्याजोगा नाही.

वगळलेले कडवे

तिसऱ्या कडव्यात ‘आम्ही’ स्वतःविषयी बोलतात. आपल्याकडे मोठे शहाणपण नाही, कसब नाही, पण एकमेकांना समजून घेण्यासाठी त्याची गरजही नाही, असा त्याचा आशय आहे. मग तीच सिगारेट, तोच चहा पुन्हा येतो आणि आता त्यांचे वर्तुळ पूर्ण होते. नंतर अचानक, अगदी शेवटी, कबुली येते ती काहीही बदलण्याच्या भीतीची. आणि तिच्या पाठोपाठ लगेच ध्रुवपद येते, बदलाचीच मागणी करीत.

हा क्रम महत्त्वाचा आहे. भीती आधी सांगून मग तिच्यावर मात केल्याची ग्वाही येथे दिलेली नाही. भीती आणि मागणी शेजारी शेजारी उभ्या आहेत, एकीने दुसरीला खोडलेले नाही. पहिल्या कडव्यानंतर ऐकलेले ध्रुवपद आवेशाचे वाटते. तेच शब्द तिसऱ्या कडव्यानंतर वेगळे ऐकू येतात. आता ते स्वतःलाच दिलेले उत्तर वाटते, किंवा स्वतःविरुद्धची तक्रार. ज्या ‘ते’चा अभाव आरंभी नोंदवला, त्याचे कारण येथे सापडते. बदलाच्या आड येणारी शक्ती बाहेर दाखवलेलीच नाही. ती टेबलाभोवती बसलेल्या ‘आम्ही’मध्येच आहे. राजवटीला केवळ दोष देणाऱ्या गीताहून हे निदान अधिक कठोर आहे, कारण दमन दीर्घकाळ टिकते ते त्याच्याशी जुळवून घेण्याची सवय ऊबदार होते म्हणून.

सेर्गेई सोलोव्योव यांच्या ‘अस्सा’ (१९८७) या चित्रपटाने हे गीत देशभर पोहोचवले, आणि त्याच्या अर्थाला निश्चित दिशाही दिली. चित्रपट ब्रेझ्नेव्हकालीन याल्टा शहरात, हिवाळ्यात घडतो. अखेरच्या प्रसंगात त्सोई एका उपाहारगृहात गाण्यासाठी येतात. तेथील अधिकारी स्त्री गायकांसाठीचे नियम एकसुरात वाचत राहते. ते ऐकत न बसता ते उठतात, मंचावर जातात आणि गाऊ लागतात. रिकामे उपाहारगृह पाहता पाहता हजारोंच्या मैदानात पालटते. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. पण गीतातील ‘आम्ही’ येथे टेबलावरून उठून मैदानात आले, नियम वाचणाऱ्या स्त्रीच्या रूपाने बाहेरचा प्रतिपक्ष मिळाला, आणि रिकाम्या काड्यापेटीच्या जागी गर्दीच्या हातांत लहान लहान ज्योती आल्या. दिग्दर्शकाने गीताला जे हवे होते ते दिले. गीताला ज्याची भीती होती ते मात्र पडद्यावर आले नाही.

१५ ऑगस्ट १९९० रोजी लॅट्व्हियात मोटार अपघातात त्सोई यांचा मृत्यू झाला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रण उठताच सामान्य कुटुंबांची आयुष्यभराची बचत कवडीमोल झाली. त्या अनुभवानंतर हे गीत रशियात पूर्वीसारखे निरागसपणे ऐकता येणे शक्य नव्हते. २०१४ मध्ये ड्यूमाचे एक सदस्य येवगेनी फ्योदोरोव यांनी तर त्सोई यांची गाणी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने लिहवून दिली असा दावा केला. दावा हास्यास्पद आहे; पण त्यामागील वाचन आणि चाहत्यांचे वाचन एकाच जातीचे आहे. दोघेही ध्रुवपदच वाचतात.

मिन्स्क, २०२०

गीताच्या अर्थाला अलीकडे जे वळण मिळाले ते बेलारूसमध्ये. ९ ऑगस्ट २०२० रोजी तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. त्याआधी तीन दिवस, मिन्स्कमधील ज्या ठिकाणी विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्स्काया यांचे समर्थक जमणार होते, तेथेच शासनाने दुसरा कार्यक्रम ठेवला. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिव्यवस्थेवरील दोन तरुणांनी अचानक ‘पेरेमेन’ लावले. दोघांना दहा दिवसांच्या कोठडीची शिक्षा झाली. पुढे एका निवासी वसाहतीच्या भिंतीवर त्या दोघांचे चित्र रंगवले गेले. प्रशासनाने ते पुसावे आणि रहिवाशांनी पुन्हा काढावे असे वारंवार घडले, आणि त्या अंगणाला ‘बदलांचा चौक’ असे नाव पडले.

या अंगणात काय होत असे, हे गीताच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे. उंच इमारतींतील शेजारी, ज्यांची एरव्ही ओळखही नव्हती, संध्याकाळी खाली उतरत, गाणी ऐकत आणि एकत्र चहा घेत. स्वयंपाकघरातला चहा अंगणात आला होता. वर्तुळ तेच होते, फक्त आता त्याला भिंती नव्हत्या. तिसऱ्या कडव्यातील भीतीही तेथे होती, आणि ती अनाठायी नव्हती. ११ नोव्हेंबर २०२० च्या रात्री अंगणातील पांढऱ्या-लाल फिती काढण्यासाठी चेहरे झाकलेली माणसे आली. त्यांच्याशी झालेल्या वादानंतर मारहाण झालेल्या एकतीस वर्षांच्या रहिवाशाचा दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला. तो आपल्या घरातून उतरून खाली आला होता.