बंदुकीचा जुना रंग

अहमदपूर येथील एका संग्राहकांनीं आपली इंग्रजी बनावटीची जुनी दुनळी बंदूक नुकतीच 'नवी' करून आणिली, ती आम्हीं पाहिली. नळ्या आतां काळ्याभोर चकाकतात. पण पीळ दिलेल्या लोखंडाची जी लहरदार नक्षी जुन्या तपकिरी रंगांतून उठून दिसे, ती त्या काळिम्याखालीं गेली. शिवाय अशा नळ्या कथलाच्या डाखानें जोडलेल्या असतात. उकळता दाहक क्षार तो डाख खातो. नक्षी एखादे वेळीं परत आणतां येईल. घासून गेलेले ठसे येणार नाहींत. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे १९०४ सालीं बदलले, म्हणून बंदूक त्यापूर्वीची कीं नंतरची हें त्यांवरूनच कळावयाचें. पोथीची शाई खरवडून अक्षर कोणी ताजें करतो काय? सुटा गंज तेलानें हलकेच पुसला असता तर पुरे होतें. दस्त्यास जवसाचें तेल चोळलें आहे, तें मात्र उत्तम.