केशरोपण, संसार आणि आमचे कथाकार

टकलाचा विषय वाङ्मयास नवा नाहीं. उन्हानें तापलेला खल्वाट सांवलीच्या आशेनें झाडाखालीं जातो आणि वरून पडलेल्या फळानें नेमकें त्याचेंच मस्तक फुटतें, हा भर्तृहरीच्या नीतिशतकांतील प्रसंग वामन पंडिताच्या समश्लोकीमुळें मराठी वाचकाच्याहि ओळखीचा आहे. पंचतंत्रांतील वररुचि बायकोचा रुसवा काढण्यासाठीं आपलें डोकें भादरून घेतो. इसापाच्या नांवावर चालणाऱ्या एका कथेंत दोन स्त्रियांचा लाडका असा एक प्रौढ गृहस्थ आहे; तरुण स्त्री त्याचे पांढरे केंस उपटते, वयस्क स्त्री काळे उपटते, आणि शेवटीं त्याच्या डोक्यावर कांहींच उरत नाहीं. ज्यूलियस सीझरला आपल्या टकलाचें किती वैषम्य वाटत असे, हेंहि स्वेटोनियस या रोमन चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. दैवाची क्रूरता, प्रेमांधता, थोरांचा क्षुद्रपणा, असे अनेक अर्थ या एका व्यंगांतून लेखकांनीं काढले. खर्चाचा अर्थ मात्र कोणी काढला नाहीं. त्यांत नवल नाहीं. कारण गेलेला केंस पैसे टाकून परत मिळण्याची सोयच त्या काळीं नव्हती.

आतां ती सोय झाली आहे, आणि आमच्या मतें त्यामुळें या विषयाचें मूळ स्वरूपच पालटलें आहे. जपानांतील ओकुडा या वैद्यानें १९३९ सालीं आपले केशरोपणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढें न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यानें १९५९ सालीं असें दाखविलें कीं, डोक्याच्या मागील बाजूचा केंस काढून पुढें लावला तरी तो आपला मूळचा टिकाऊपणा सोडीत नाहीं. सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. तींत नवा केंस एकहि निर्माण होत नाहीं. मागचा पुढें जातो, इतकेंच. मागील सांठा मर्यादित असतो, आणि तेथून मुळासकट काढलेला केंस तेथें पुन्हां उगवत नाहीं. मध्यमवर्गीय संसारांतील शिल्लकेचीहि स्थिति अशीच असते. तीहि मागच्या बाजूस, कोणास न दिसेल अशी, थोडथोडी सांठविलेली असते. आणि दर्शनी भागाच्या शोभेसाठीं ती पुढें आणली म्हणजे मागें जागा रिकामी होते.

हा खर्च कसा असतो तें स्पष्ट सांगणें बरें. दवाखान्यांत भाव बहुधा कलमागणिक सांगितला जातो, आणि पुष्कळशा डोक्यांस अशीं दोन-तीन हजार कलमें लागतात. त्यामुळें एकंदर रक्कम लाखाच्या घरांत सहज जाते. आरोग्यविम्याच्या करारांतून केवळ सौंदर्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया सामान्यतः वगळलेली असते. सन २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां करमाफ आरोग्यसेवेच्या व्याख्येंतून केशरोपण हें अक्षरशः नांव घेऊन बाहेर काढण्यांत आलें. जन्मजात व्यंग किंवा अपघात असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे सरकारनें आपला निवाडा करून टाकला आहे कीं, हें औषध नव्हे, ही हौस आहे. शिवाय पैसे मोजल्याबरोबर माल हातीं पडत नाहीं. लावलेले केंस पहिल्या कांहीं आठवड्यांत बहुतेक गळून पडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पुन्हां उगवूं लागतात, आणि पुरतें फळ दिसावयास वर्ष जातें. आजूबाजूचे मूळचे केंस गळावयाचे थांबत नाहींत, म्हणून औषधांचा खर्च पुढेंहि चालूच राहतो. कर्जाचा हप्ता सुरू झालेला आहे आणि डोकें पूर्वींपेक्षांहि उजाड आहे, असे कांहीं महिने ज्या घरांतून जातात, त्या घरांत पतिपत्नी एकमेकांशीं काय बोलत असतील? कादंबरीकारास याहून चांगला प्रसंग कोणता हवा?

परंतु हा प्रसंग आमच्या कथाकारांस दिसलेला नाहीं, अशी आमची तक्रार आहे. या विषयावर अलीकडे जें गाजलें तें बहुतेक चित्रपटांतून. कन्नड भाषेंत राज बी. शेट्टी यांचा ‘ओंदु मोट्टेय कथे’ हा चित्रपट २०१७ सालीं आला. त्याचाच ‘उजडा चमन’ हा हिंदी अवतार २०१९ सालीं निघाला. आणि त्याच वर्षीं अमर कौशिक यांचा ‘बाला’ हा चित्रपटहि प्रसिद्ध झाला. पहिल्या दोहोंतील नायक अध्यापक आहे, टकला आहे, आणि त्याला वधू मिळत नाहीं. तिन्ही चित्रपटांत विनोद आहे, आणि टकल्या पुरुषास होणाऱ्या उपहासाविषयीं खरी कळकळहि आहे. लग्नाच्या बाजारांत माणसाचें मोल त्याच्या माथ्यावरून ठरविणाऱ्या समाजास त्यांनीं चार शब्द सुनावले, हें योग्यच झालें.

‘बाला’ या चित्रपटाची रचना मात्र या दृष्टीनें बारकाईनें पाहण्यासारखी आहे. कानपूरचा हा तरुण नाना उपाय करून थकतो, आणि केशरोपणाचा विचार करतो. येथें संसाराचा प्रश्न दाराशीं येऊन उभा राहतो. पैसे कोण देणार? बापाची पुंजी जाणार काय? परंतु नायकास मधुमेह असल्याचें निष्पन्न होतें, रोपणाचा बेत बारगळतो, आणि बाप मुलासाठीं टोप आणतो. एका रोगाच्या नांवानें लेखकानें सगळा जमाखर्च पुसून टाकला! पुढें नायक तो टोप घालून लग्न करतो, बायकोपासून सत्य लपवितो, आणि तें उघडकीस आल्यावर लग्न मोडतें. फसवणूक झाली ती रूपाची, पैशाची नव्हे. आणि शेवटीं मिळणारा बोध असा कीं, माणसानें स्वतःस आहे तसें स्वीकारावें. बोध चांगला आहे. पण ज्याच्या हातीं कर्जाचा कागद आधींच पडलेला आहे, त्याच्या घरीं हा बोध पुरा पडत नाहीं.

या तिन्ही कथांत एक साम्य आहे. त्यांतील टक्कल हें लग्नाच्या वाटेंतील अडचण म्हणून येतें. स्त्री येते ती पसंत करणारी किंवा नापसंत करणारी म्हणून. वस्तुतः केशरोपणाकडे वळणारे सगळेच पुरुष कांहीं उपवर नसतात. समजा, लग्नास दहा वर्षें झालेलें एक दांपत्य आहे, दोघेंहि मिळवितात, मुलाच्या शिक्षणासाठीं, घराच्या दुरुस्तीसाठीं किंवा म्हाताऱ्या आईबापांच्या दुखण्यासाठीं कांहीं रक्कम बाजूस ठेविली आहे. पत्नीला पतीच्या टकलाचें कांहींच वाटत नाहीं. ती तें मनापासून सांगतेहि. तिच्या त्या बोलण्यानें पतीचें समाधान होत नाहीं. तो रोपण करवून घेतो, आणि शिल्लक संपते. या घरांत कोणी व्यसनी नाहीं, कोणी दुष्ट नाहीं, कोणी कोणास नापसंतहि केलेलें नाहीं. तरीहि कांहीं तरी मोडलें आहे. काय मोडलें, हें सांगणें हेंच कथाकाराचें काम.

हें काम कसें करावें याचे धडे जुन्या वाङ्मयांत आहेत. ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची, नाताळच्या भेटींवरील कथा १९०५ सालची. डेलाजवळ एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट आहेत. ती आपले लांब केंस वीस डॉलरांस विकते आणि एकवीस डॉलरांची सांखळी नवऱ्याच्या घड्याळासाठीं घेते. नवऱ्यानें तेंच घड्याळ विकून तिच्या केंसांसाठीं कंगवे आणलेले असतात. नवऱ्याची मिळकत आठवड्यास तीस डॉलरांवरून वीसांवर आली आहे, हेंहि लेखक सांगावयास विसरत नाहीं. त्या कथेंतील प्रेम आपल्यास पटतें, याचें एक कारण असें कीं, त्यांतील बेरीज-वजाबाकी चोख आहे. येथें केंस विकून संसारांत पैसा येतो. आजच्या घरांत संसारांतील पैसा जाऊन केंस येतात. डेलाचा त्याग नवऱ्यासाठीं होता. आजच्या पत्नीकडूनहि त्यागच घेतला जातो, पण तो तिला न विचारतां.

मोपासांची १८८४ सालची हाराची कथाहि अशीच आहे. बंदुकीसाठीं जमविलेले चारशें फ्रँक नवरा बायकोच्या पोशाखास देतो; तिनें मैत्रिणीकडून आणलेला हार हरवतो; त्याच्या जागीं छत्तीस हजारांचा हार घेण्यासाठीं बापाकडून आलेले अठरा हजार जातात आणि उरलेलें कर्ज फेडण्यांत दहा वर्षें जातात. मूळ हार फार तर पांचशेंचा होता, हें अखेर कळतें. चार घटका सुंदर दिसण्याची किंमत एका जोडप्यानें कशी फेडली, याचा इतका नेमका हिशेब क्वचितच कोणी लिहिला असेल. यांतील भूमिका उलट करून पाहाव्या. बायकोच्या हौसेसाठीं झिजणारा नवरा वाचकास सोसतो. मग नवऱ्याच्या हौसेसाठीं झिजणारी बायको कथेचा विषय म्हणून कोणास कां सुचूं नये?

आमच्या मराठींतहि हिशेबाची ही परंपरा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत येऊं लागली. तिच्यांत यमूच्या डोक्यावरील केंसांविषयीं निर्णय घेणारे सारे जण आहेत, फक्त यमू नाहीं. डोकें एकाचें आणि सत्ता दुसऱ्याची, हा अन्याय हरिभाऊंनीं महाराष्ट्रास दाखविला. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांत नवऱ्याचा पेला सिंधूच्या जात्यावर मोजला जातो. केशरोपणाची तुलना केशवपनाशीं किंवा मद्यपानाशीं करणें अर्थातच अन्यायाचें होईल, आणि तशी आम्ही करीत नाहीं. आम्हांस घ्यावयाची आहे ती या लेखकांची दृष्टि. घरांतील एकाच्या कृत्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर कोठें पडतो, तेथें त्यांनीं दिवा धरला.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बायका साड्यांवर व दागिन्यांवर खर्च करीत नाहींत काय? मग पुरुषानेंच आपल्या रूपाची हौस मारावी असें कां? यावर, दागिना अडीअडचणीस गहाण पडतो आणि केंस गहाण पडत नाहींत, असें व्यवहारी उत्तर देतां येईल. स्त्रीधनावर तर केवळ पत्नीचीच मालकी असते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालच्या प्रतिभा राणी खटल्यांत स्पष्ट केलें आहे. तिच्या बांगड्या बँकेंत ठेवून केशरोपण करणाऱ्यानें तें लक्षांत ठेवावें. पण ही उत्तरें वरवरचीं होत. आरशांत रोज दिसणारें आपलें रूप परकें वाटूं लागणें, हें दुःख खोटें नाहीं. ‘मला तुम्ही असेच आवडतां’ या वाक्यानें तें जात नाहीं. कारण तें दुःख पत्नीस आवडण्या-न-आवडण्याचें नसतेंच. पतीच्या देहावर पतीचा अधिकार आहे, आणि शिल्लकेवर दोघांचा. दोन्ही अधिकार खरे आहेत, आणि या प्रसंगीं ते एकमेकांसमोर उभे राहतात. ज्या गोष्टींत एक बाजू सरळ चुकीची असते तिच्यावर उपदेश लिहितां येतो. जींत दोन्ही बाजू खऱ्या असतात तिच्यावरच कथा लिहितां येते.

आमच्या मतें या तंट्याचा निकाल रकमेवर अवलंबून नाहीं. दोघांनीं एका दिव्याखालीं बसून, काय पुढें ढकलावयाचें आणि किती महिने, हें ठरविलें असेल तर लाख रुपयांचाहि खर्च संसारास पचतो. उलट गुपचूप काढलेली अर्धी रक्कमहि पचत नाहीं. केंसानें गळा कापणें असा आपल्या भाषेंत विश्वासघातास शब्द आहे. न सांगतां मोडलेल्या ठेवीची पावती ज्या स्त्रीच्या हातीं लागते, तिला त्याचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. गेलेला पैसा बचतीनें पुन्हां उभा राहील. पुढील प्रत्येक खर्चाच्या वेळीं तिच्या मनांत उठणारी शंका मात्र हप्ते फिटल्यावरहि फिटत नाहीं.

म्हणून टकलावर लिहूं इच्छिणाऱ्या तरुण लेखकांस आमची एकच विनंती आहे. नायकाच्या डोक्याचें वर्णन त्यांनीं खुशाल करावें, त्यावर हंसावें, हंसणाऱ्यांस रागेंहि भरावें. पण त्याबरोबर त्या घरांतील हिशेबाची वहीहि उघडावी. तींत एका बाजूस दवाखान्याची रक्कम असेल, आणि दुसऱ्या बाजूस त्या वर्षीं न भरलेली मुलाची शिकवणी, पुढें ढकललेला आईचा मोतीबिंदू, आणि पत्नीनें विचारावयाचा राहून गेलेला एक प्रश्न असेल. ही दुसरी बाजू जो प्रामाणिकपणें लिहील, त्याच्या कथेंतील नायकाच्या डोक्यावर केंस उगवोत किंवा न उगवोत, ती कथा आमच्या वाङ्मयांत रुजेल.