स्कॉटलंडचे दोन ध्वज : अर्थ आणि अधिकार

प्रस्तावना :
ध्वजाचा अर्थ त्याच्या रंगांत आणि आख्यायिकेत शोधण्याची प्रथा रूढ आहे. स्कॉटलंडच्या संदर्भात ही पद्धत अपुरी ठरते. तेथे निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा तिरपा क्रूस असलेला ‘सॉल्टायर’ आणि सोनेरी पार्श्वभूमीवर तांबडा सिंह असलेला राजध्वज असे दोन ध्वज प्रसिद्ध आहेत. ध्वज उभारण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नातूनच त्यांचा अर्थ उलगडतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

आख्यायिका आणि इतिहास :
इ. स. ८३२ मधील लढाईच्या वेळी अँगस राजाला निळ्या आकाशात संत अँड्र्यूचा पांढरा क्रूस दिसला, अशी आख्यायिका आहे. तिची लिखित रूपे मात्र कित्येक शतकांनंतरची आहेत. याउलट १३८५ चा आदेश निश्चित स्वरूपाचा आहे. स्कॉट सैनिकांनी आणि त्यांच्या साहाय्यास आलेल्या फ्रेंचांनीही पुढे व मागे पांढरा क्रूस धारण करावा, असे त्यात फर्मावले होते. म्हणजेच हे चिन्ह जन्माचे नसून पक्षाचे होते.

अधिकाराचा प्रश्न :
सिंहध्वज हे राजचिन्ह आहे. कायद्याने तो राजा आणि त्याचे ठरावीक प्रतिनिधी यांनाच उभारता येतो. पंचम जॉर्जने १९३४ मध्ये रौप्यमहोत्सवानिमित्त निष्ठेची खूण म्हणून तो हाती धरण्याची मुभा प्रजेला दिली. क्रीडांगणावर तो आजही फडकताना दिसतो. परंतु तेथे राजनिष्ठेपेक्षा राष्ट्राभिमानच व्यक्त होतो. सॉल्टायर मात्र कोणीही उभारू शकतो. त्याच्या निळ्या रंगाची छटादेखील २००३ मध्ये संसदीय समितीने शिफारस करीपर्यंत ठरलेली नव्हती.

या मुक्ततेमुळेच त्याच्यावर परस्परविरोधी दावे होतात. जुलै २०१३ मध्ये विंबल्डनच्या अंतिम सामन्यानंतर अलेक्स सामंड यांनी तो पंतप्रधान कॅमेरून यांच्या मागे फडकावला. सप्टेंबर २०१४ मध्ये, स्वातंत्र्याविषयीच्या सार्वमतापूर्वी, कॅमेरून यांच्या निवासस्थानावरही तोच उभारण्यात आला. एकाने त्यातून स्वतंत्र राष्ट्र सुचविले, तर दुसऱ्याने संयुक्त राज्यातील आपलेपणा. सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले. ध्वज कोणीच नाकारला नाही.

निष्कर्ष :
सॉल्टायरला केवळ स्वातंत्र्यवाद्यांचा ध्वज मानणे इतिहासाला धरून नाही. त्याला संयुक्त राज्याचा निव्वळ एक घटक मानणे हेही तितकेच एकांगी आहे. सिंहाचे रक्षण कायदा करतो. सॉल्टायरचे रक्षण त्याचा सार्वत्रिक वापरच करतो. तो एका पक्षाच्या हाती गेल्यास उरलेले नागरिक आपल्याच देशाच्या चिन्हाला पारखे होतील.