तोट्यातला वाटा : निर्यातीतल्या ‘भागीदारी’ची चिकित्सा

(वाघोली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय व्यापाराचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा, हे बघून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. पण आज आम्ही निर्यात कशी करावी हे सांगायला आलेलो नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. आपण आज एका शब्दाची चिकित्सा करणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘भागीदारी’.

निर्यातीवरचं कुठलंही चर्चासत्र घ्या, कुठलंही माहितीपत्रक घ्या. ‘आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत जायचं तर भागीदार शोधा’, ‘ही भागीदारी विश्वासावर उभी असते’, ‘दोघांचाही फायदा’. वाक्यं साधारण हीच. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला, १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे एफ्टा देशांबरोबरचा करार अमलात आला, तेव्हापासून तर या भाषेला उधाण आलं आहे. करार वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. आमचा आक्षेप भाषेला आहे. ज्या संबंधात नफ्याची वाटणी ठरलेली असते पण तोट्याची वाटणी कुणी उच्चारतही नाही, त्याला भागीदारी म्हणायचं का?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. जुन्या धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदं सांगितली आहेत त्यांतलं एक आहे ‘संभूयसमुत्थान’. म्हणजे एकत्र येऊन केलेला उद्योग. याज्ञवल्क्याने त्याचा विचार थेट व्यापाऱ्यांच्या संदर्भात केला आहे. तो म्हणतो ते असं, की एकत्र व्यापार करणाऱ्यांनी नफा आणि तोटा दोन्ही भांडवलाच्या प्रमाणात, किंवा आधी ठरल्याप्रमाणे, वाटून घ्यावा. पुढे जाऊन तो सांगतो, की मनाई असताना, कुणी सांगितलं नसताना किंवा निष्काळजीपणाने एखाद्याने नुकसान केलं तर ते त्याने भरून द्यावं. आणि संकटातून माल वाचवणाऱ्याला दहावा हिस्सा मिळावा. बघा, विश्वास, मैत्री यांतला एकही शब्द तिथे नाही. नुकसान कुणाचं, हा प्रश्न मात्र आहे.

दुसरा आधार घेऊ ॲरिस्टॉटलचा. निकोमाखीय नीतिशास्त्राच्या आठव्या भागात तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो: उपयोगापुरती, सुखापुरती आणि सद्गुणावर उभी असलेली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच भागात पुढे एक बारीक विवेचन आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. तो म्हणतो, तक्रारी जास्तीत जास्त उपयोगाच्या मैत्रीत होतात. या मैत्रीचेही दोन उपप्रकार आहेत. एक अटी घालून केलेली, दुसरी अटी न घालता, सज्जनपणावर सोडलेली. आणि खरं भांडण केव्हा होतं? संबंध एका प्रकारात जोडला आणि दुसऱ्या प्रकारात तोडला, तेव्हा. आमच्या मते निर्यातीच्या सगळ्या भागीदारी-भाषेचं मर्म इथे आहे. जोडताना आपण सोयरिकीच्या भाषेत बोलतो, मोडताना समोरचा कागद काढतो.

आता उदाहरणाकडे येऊ. लांबचं नको. इथून नदी ओलांडून गेलं की मांजरी. तिथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि युरोपला जाणाऱ्या द्राक्षांमधल्या औषधांच्या अंशांचा विचार जिथे होतो त्या प्रयोगशाळांमध्ये इथली प्रयोगशाळा प्रमुख आहे. तेव्हा द्राक्षच घेऊ.

१९९१ साली महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली. राज्य कृषी पणन मंडळाचा तिला पाठिंबा होता. एकेकट्या दोन-चार एकरांच्या बागायतदाराला लंडन किंवा रॉटरडॅम गाठणं शक्य नव्हतं, म्हणून हा मार्ग. सुरुवातीला परदेशात गेलेला माल गुणवत्तेच्या कारणाने नाकारलाही गेला. मग प्रीकूलिंग आलं, शीतगृहं आली, पॅकिंग सुधारलं, मण्याचा आकार मोजायची सवय लागली. इथे आपण प्रामाणिकपणे म्हणू या, की भागीदारीने माणूस शिकतो. ही तिची जमेची बाजू आहे आणि ती लहान नाही.

पण मापदंड कुणाचा? १९९७ मध्ये युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी युरेपगॅप नावाची नियमावली सुरू केली; २००७ पासून तिला ग्लोबलगॅप म्हणतात. नियम करणारे दुकानदार, पाळणारे शेतकरी, प्रमाणपत्राचा खर्च पाळणाऱ्याचा. पुढे अपेडाने ग्रेपनेट आणलं. प्रत्येक बागेची नोंद आणि डब्यावरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग. फार चांगली व्यवस्था. फक्त लक्षात घ्या, या व्यवस्थेत युरोपातल्या दुकानातून निफाडच्या बागेपर्यंत बघता येतं. बागेतून दुकानापर्यंत बघता येत नाही. आपला माल तिथे काय भावाने विकला गेला, हे शेतकऱ्याला तितक्याच सहजपणे कळत नाही.

आणि मग २०१० चा हंगाम आला. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, शेतकऱ्यांच्या बोलीत ‘सीसीसी’चा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. वेलीची नुसती वाढ रोखून घड तयार व्हावा म्हणून खरड छाटणीनंतर हे संजीवक वापरलं जात असे. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आणि आपल्याकडे निर्यातीआधी जी रसायनं तपासायची त्या यादीत हे नावच नव्हतं! म्हणजे शेतकऱ्याने सांगितलेल्या तपासण्या केल्या, निर्यातदाराने कागद पूर्ण केले, प्रयोगशाळेने प्रमाणपत्र दिलं, आणि तरी माल बंदरात अडकला. निर्यातदारांचे पैसे अडकले, म्हणून शेतकऱ्यांचे अडकले, म्हणून बँकांचे हप्ते थकले.

आता याज्ञवल्क्याचा प्रश्न विचारा. मनाई असताना कुणी केलं? कुणी नाही, यादीत मनाई नव्हती. निष्काळजीपणा कुणाचा? यादी करणाऱ्याचा, की माल मागवताना आपल्याच देशाची मर्यादा न सांगणाऱ्या आयातदाराचा, की औषध सुचवणाऱ्याचा? उत्तर काहीही द्या, नुकसान मात्र ज्याचा या तिन्ही निर्णयांशी संबंध नव्हता त्याच्या सातबारावर जाऊन बसलं. याला कारण एक पद्धत आहे. यातला बराच व्यवहार कन्साइनमेंटवर चालतो: माल आधी जातो, विक्री होते, वाहतूक, हाताळणी, दलाली वजा होते, आणि उरलेलं उलट प्रवास करून शेतकऱ्याकडे येतं. साखळीत जो सगळ्यात शेवटी पैसे घेतो, तो सगळ्यात आधी तोटा घेतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली वाहतूक बिघडली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा वाढलेलं भाडं आणि वाढलेले दिवस यांच्या बाबतीतही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

कारखानदारीत निराळं असतं का? आपल्या पुण्याचीच तीन उदाहरणं झटकन बघू. १९६० मध्ये बजाजने इटलीच्या पिआजिओशी तांत्रिक करार केला. १९७१ मध्ये तो संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक रस्त्यावर आली. करार मोडल्यावर हातात कौशल्य उरलं, हे खरं. पण तीच स्कूटर परदेशात विकायला गेल्यावर जुन्या भागीदारानेच हरकत घेतली. जोडताना शिष्य, मोडल्यावर प्रतिवादी. याच बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला, त्यांच्या लहान मोटरसायकली चाकणला बनवल्या आणि जगभर पाठवल्या. २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा मोठं भांडवल घालून तिला सावरणारी बजाजच होती. इथे तोट्यात वाटा होता, म्हणून निर्णयातही वाटा आला.

दुसरं, किर्लोस्कर कमिन्स. १९६२ साली पुण्यात उभी राहिली, डिझेल इंजिनांच्या अचूक कामाची एक पिढी तिने घडवली. नव्वदच्या दशकात किर्लोस्कर बाहेर पडले, आज तिचं नाव कमिन्स इंडिया. कारखाना राहिला, आडनाव गेलं. तिसरं तर आपल्याच नगर रस्त्यावरचं. रांजणगावला फियाट आणि टाटा यांचा निम्म्या-निम्म्या मालकीचा कारखाना आहे. फियाटच्या गाड्या टाटांच्या दुकानांतून विकायची व्यवस्था काही वर्षांत मोडली, पण कारखान्यातली भागीदारी टिकली, आणि २०१७ पासून तिथली जीप कंपास परदेशातही जाते. विक्रीचा सलोखा तुटला, समान भांडवलाचा टिकला. यातून निष्कर्ष काढायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. भागीदारीचं आमंत्रण आलं की तीन प्रश्न विचारा. तोटा झाला तर कुणाचा, आणि तो कागदावर लिहिला आहे का? मापदंड कोण ठरवतो, आणि मधल्या काळात तो बदलला तर आधीच तयार झालेल्या मालाचं काय? आणि संबंध मोडला तर आपल्या हातात काय उरेल: नाव, साचा, वाण, ग्राहक, यांतलं काय? तिन्ही उत्तरं समोरच्याच्या बाजूची असतील, तर तो व्यवहार करू नका असं आम्ही म्हणत नाही. पोटासाठी करावाही लागतो. पण त्याला भागीदारी म्हणू नका. पुरवठादारी म्हणा आणि पुरवठादाराच्या सावधपणाने वागा. शब्द चुकला की सावधपणा सुटतो.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, इतक्या अटी लहान उद्योजकाने घातल्या तर परदेशी खरेदीदार दुसऱ्याकडे जाईल. मग?

उत्तर: एकटा असेल तर जाईल, बरोबर आहे. म्हणून तर महाग्रेप्सची मूळ कल्पना मोलाची होती: आधी आपापसांत भागीदारी, मग बाहेर. नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने तोच धागा शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपाने पुढे नेला. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले. म्हणजे तिथले लोक आता नुसते गिऱ्हाईक नाहीत, काही प्रमाणात तोट्याचेही धनी आहेत. अर्थात नवे प्रश्न तिथेही आहेत. पेटंट असलेल्या वाणांची लागवड वाढते आहे. जमीन आपली, घाम आपला, वाणाचा हक्क दुसऱ्याचा. तिसरा प्रश्न तिथे विचारावाच लागेल.

प्रश्न: पण युरोपच्या कडक नियमांमुळे आपली शेती सुधारली, हे तुम्ही मान्य करता ना?

उत्तर: करतो, आणि म्हणूनच वाईट वाटतं. रॉटरडॅमच्या मुलाने खायच्या द्राक्षाचा माग बागेपर्यंत लागतो, वाघोलीच्या हातगाडीवरच्या द्राक्षाचा लागत नाही. बाग एकच, शेतकरी एकच. शिकलो ते फक्त परक्यासाठी वापरायचं असेल तर ते शिकणं अर्धं आहे. ज्या दिवशी ही तपासणी आपण आपल्या गिऱ्हाइकासाठी करू, त्या दिवशी मापदंडही थोडा आपला होईल, आणि मग बाहेरच्याशी बोलताना आवाजही बदलेल.